पाठमोरी शेवंती

आधीच सांगते, यातलं एक अक्षर माझं नाही.

एरवी मी मीठमसाला लावते, ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. मी सांगितलेला उंदीर संध्याकाळपर्यंत हत्ती होतो. पण ही हकीकत माझ्या भाचीची, मालनची. आणि मालन खोटं बोलत नाही. तिला तेवढं सुचतच नाही.

गेल्या वर्षीचा मार्गशीर्ष. गुरुवार.

भांडुप पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी, जिथे चाळी संपतात आणि नॅशनल पार्कची भिंत सुरू होते, तिथली गोष्ट. वेळ दिवेलागणीची.

रात्रीची नाही हं. भुतं रात्रीच निघतात असं तुम्हाला कुणी सांगितलं?

मालनचा फोटो स्टुडिओ आहे. नवरा गेल्यापासून एकटीच चालवते. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन असलं सगळं करते, पण तिचं नाव झालं ते वेगळ्याच कामामुळे.

मेलेल्या माणसांचे फोटो.

घरात माणूस गेलं की दहाव्याच्या आत भिंतीवर फ्रेम लागावी लागते. आणि नेमका तेव्हाच धड फोटो सापडत नाही. मग कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो घेऊन लोक मालनकडे येतात. मागच्या रांगेत अंगठ्याएवढं डोकं, अर्ध्या तोंडावर दुसऱ्याचा फेटा. मालन ते डोकं अलगद काढते. फेटा पुसते. बाप्याला कोट चढवते, बाईला पैठणी. सवाष्ण गेलेली असेल तर कुंकू ठसठशीत करते.

आणि डोळे मिटलेले असतील, तर उघडते.

दुसऱ्या कुणाच्या फोटोतले डोळे आणून बसवते. घरच्यांनासुद्धा पत्ता लागत नाही. नवऱ्याचा, जयवंतचा फोटोही तिनेच असा केला. तो मेला प्रत्येक फोटोत डोळे मिटायचा. असे नमुन्याचे फोटो तिने दुकानाच्या भिंतीवर ओळीने लावलेत. मधोमध जयवंत. सगळे टक्क डोळे उघडे ठेवून गिऱ्हाइकाकडे बघतात.

मी एकदा तिला विचारलं, अगं, त्यांना चालतं का हे असं दुसऱ्याचे डोळे लावून बसणं?

तर म्हणाली, "मावशी, मेलेल्याला विचारायचं नसतं. नाही म्हणाला तर काय घ्या?"

अशी आमची मालन.

तिच्या दुकानातून आजवर एकच माणूस रिकाम्या हाताने परत गेला होता. अनंतकाका.

काका जुने गिरणीतले, गाव मालवणकडचं. राहायला पार्कच्या भिंतीला लागून असलेल्या शेवटच्या चाळीत. मूलबाळ नाही. त्याच वर्षी गणपतीनंतर त्यांची बायको शेवंती गेली. काका दुकानात आले ते हातात पिशवी घेऊन. मालनला वाटलं, आत अल्बम असेल.

पिशवीत शेवंतीची साडी होती. फोटो नव्हता. एकही नव्हता.

शेवंतीने जन्मात कुणाला फोटो काढू दिला नाही. कॅमेरा दिसला की पाठ फिरवायची. स्वतःच्या लग्नात तिने फोटोवाल्याकडे पाठ करून अंतरपाट धरणाऱ्या भटजीलाही गोंधळात टाकलं होतं म्हणे. आधारकार्डाला दोनदा नेली, दोनदा मशीन बंद पडलं. का गं असं, विचारलं तर एकच उत्तर. माझा तोंड माझा आसा.

काकांना काचबिंदू. काळोख कडेकडेने आत सरकत चाललेला. डॉक्टरांनी आशा सोडायला सांगितलं होतं. ते मालनला म्हणाले, "डोळे मिटले काय तिची साडी दिसता, हात दिसतत. तोंड दिसणा नाय. माका दिसता तवसर एकदा तिचा तोंड बघूचा हा."

साडीवरून तोंड कुठून काढणार?

मालनने त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

हे झालं आधीचं. आता त्या गुरुवारचं.

अनंतकाकांच्या चाळीत हर्षद राहतो. चांगला बँकेत नोकरीला आहे, पण सगळा जीव जनावरांचे फोटो काढण्यात. त्या दिवशी संध्याकाळी तो चाळीच्या गच्चीत कॅमेरा लावून बसला होता. पार्कच्या भिंतीवर अलीकडे बिबट्या येऊन बसतो, अशी खबर होती.

आणि बिबट्या आला.

उजेड जवळजवळ गेलेला. जनावराच्या डोळ्यांवर फ्लॅश मारायचा नाही, हा हर्षदचा नेम. त्याने कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे कमी उजेडात टिपायची ताकद, होती तेवढी वाढवली आणि श्वास धरून फोटोवर फोटो काढले. बिबट्या जरासुद्धा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मालनच्या दुकानात आला, रडवेला. सगळे फोटो काळेकुट्ट. जिथे थोडं दिसत होतं तिथे नुसता नॉइज... म्हणजे रवा सांडल्यासारखे दाणेच दाणे. कमी उजेडात आयएसओ वाढवला की असंच होतं. घरच्या कॉम्प्युटरवर त्याने दाणे घालवून बघितले, तर बिबट्या मेणाचा झाला. मिशा गेल्या, ठिपके गेले. त्याला तो फोटो कॅलेंडरच्या स्पर्धेला पाठवायचा होता.

मालन म्हणाली, बस. तू बिबट्याला धुतलंस रे, साफ नाही केलंस.

तिने फोटो उघडला. स्क्रीनवरची उजेड वाढवायची पट्टी हळूहळू उजवीकडे सरकवली.

आधी भिंत वर आली.

मग बिबट्या. पिवळा, ठिपक्यांचा, झकास.

पण त्याचे कान मागे चिकटलेले होते. शेपूट पोटाखाली. तो कॅमेऱ्याकडे बघतच नव्हता. भिंतीच्या खाली, डावीकडे बघत होता.

हर्षद म्हणाला, मालनमावशी, हा घाबरलाय.

बिबट्या कुणाला घाबरेल? मालनने डावीकडच्या काळोखात पट्टी आणखी सरकवली...

दाणे गोळा झाले. आधी नुसता ढीग. मग खांदे. मग अंबाडा.

पाठमोरी बाई उभी होती. पदर कमरेला खोचलेला.

हर्षद म्हणाला, तिथे कुणी नव्हतं. शपथेवर म्हणाला. मार्गशीर्षातला गुरुवार, दिवेलागणीची वेळ, चाळीतली एकूण एक बाई घटापाशी बसून महालक्ष्मीची कहाणी वाचत होती. त्याची आईसुद्धा. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. त्याचं म्हणणं, हे नुसते दाणे आहेत, झुडुपाची सावली आहे, आपल्याला उगाच बाई दिसतेय.

मालनला तसं चालत नाही. तिने परीक्षा घ्यायची ठरवली.

एक युक्ती असते. एकाच जागेचे पुष्कळ फोटो एकावर एक रचायचे. दाणे प्रत्येक फोटोत वेगवेगळ्या जागी पडलेले असतात, ते एकमेकांत विरून जातात. जे खरोखर तिथे होतं, तेवढंच शिल्लक राहतं. बिबट्या दगडासारखा बसला होता, त्यामुळे काम सोपं होतं. झुडुपाची सावली वाऱ्याने हलते, तीही विरली असती.

मालनने सगळे फोटो एकावर एक रचले. मशीन घरघरत राहिलं.

दाणे गेले. स्वच्छ गेले. बिबट्याची मिशी न् मिशी मोजून घ्यावी अशी.

आणि बाई...

बाई तिथेच होती. आधीपेक्षा स्पष्ट. साडीची किनार दिसत होती. एका हातात ताट, दुसऱ्यात पळी.

हर्षद खुर्चीवरून उठला.

"शेवंतीकाकू," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. शेवंतीकाकू रोज दिवे लागले की पार्कच्या भिंतीशी उभी राहून ताट बडवायची. पोरंबाळं घरात घ्या, जनावराची वेळ झाली, असं सांगायला. एकदा बिबट्या कुत्र्याच्या मागे गल्लीत शिरला, तर हिने त्याच्या नाकावर पळी हाणली. हे मी म्हणत नाही, अख्खी चाळ म्हणते. ती गेल्यापासून ताट बंद झालं होतं.

दुकानात दोघंच. कॉम्प्युटरचा स्पीकर कधीचा बिघडलेला.

आणि दुकानाच्या मागून आवाज आला...

टण्.

मग थोडं थांबून... टण्.

मागे गल्ली नाही. मागे नुसती दुसऱ्या इमारतीची भिंत आहे, मध्ये हातसुद्धा जात नाही.

हर्षदने हात जोडले, मालनमावशी, डिलीट कर, मला कॅलेंडर नको, काही नको. पण मालनचं लक्षच नव्हतं. ती त्या पाठमोऱ्या अंबाड्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांसमोर अनंतकाकांची पिशवी होती.

"डिलीट?" ती म्हणाली. "अरे, हिचा फोटो मिळत नव्हता. ही आपण होऊन आलीय. आता तोंड घेतल्याशिवाय सोडते काय मी?"

हर्षद पळाला. मालन बसली.

तिने एकेक फोटो सुटा उघडून बघितला. कुठे तरी गाल दिसेल, नाकाचं टोक दिसेल. सगळीकडे पाठ. एका फोटोत मान जराशी वळल्यासारखी वाटली. मालनने तो भाग मोठा केला, उजेड चढवला, कानातली कुडी दिसली, गालाची कड दिसली...

लाईट गेली.

परत आल्यावर तोच फोटो उघडला, तर डोक्यावरून पदर घेतलेला.

मालनला राग आला. भीती वाटायला हवी होती, पण तिला आला राग. म्हणाली, असं का, बरं. मग तिने तेच केलं जे ती वर्षानुवर्षं करत आलीय. सवय दुसरं काय.

तिने शेवंतीला तोंड करून दिलं.

शेवंतीची भाची त्याच गल्लीत राहते, तिच्या फोटोतून नाक आणि हनुवटी घेतली. कपाळ फोटोतल्या बाईच्या बांध्याला शोभेल असं रुंद केलं. केस त्या अंबाड्याचेच. सवाष्ण गेली म्हणून कुंकू मोठं. आणि डोळे... डोळे भिंतीवरच्या नमुन्यातल्या एका बाईचे. पाणीदार होते, तिला आवडायचे.

छान फोटो झाला. छापला. शनिवारी अनंतकाकांना बोलावून हातात दिला.

काकांनी फोटो नाकाशी नेला. इकडून बघितला, तिकडून बघितला. दिसायचं ते मधल्या एवढ्याशा भोकातून, त्यामुळे कपाळ बघायचं, मग डोळे, मग ओठ, असं तुकड्यातुकड्याने. मालन त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभी.

मग ते हळूच म्हणाले, "बाई बरी हा. पण ही माझी बायल न्हय."

फोटो टेबलावर ठेवून ते गेले. मालन म्हणते, त्यांनी तो उलटा करून ठेवला. तोंड खाली.

सोमवारी तिने दुकानाचं शटर वर केलं.

दिवा लावला. देवाला उदबत्ती ओवाळली. मग नेहमीप्रमाणे भिंतीवरच्या फोटोंपुढे ओवाळायला वळली...

हात तसाच राहिला.

सगळ्यांचे डोळे मिटलेले होते.

कोटातले बाप्ये, पैठणीतल्या बाया, सगळे. जिने डोळे उसने दिले होते तीही. झोपल्यासारखे नाही हं. लहान मूल औषध नको म्हणून मिटतं ना, तसे घट्ट.

मधोमध जयवंत. त्याचेही.

काच पुसून बघितली. फ्रेम उतरवून बघितली. कॉम्प्युटरमधल्या फाईली उघडल्या, त्यातही मिटलेले. तेवढ्यात एक बाई आईची फ्रेम न्यायला आली. मालनने कागदात गुंडाळलेली फ्रेम जराशी उघडून बघितली आणि उद्या या म्हणून तिला परत पाठवलं. वाट लागली होती. ही बातमी बाहेर फुटली असती तर दुकानात कुणी पाय ठेवला नसता.

दुसरी कुणी असती तर नारळ फोडला असता. माफी मागितली असती. हर्षदची आई उतारा घेऊन आलीच होती, दहीभात आणि लिंबू. मालनने तिला दारातूनच परत लावलं. म्हणाली, दहीभात मी खाईन, पण हिला एक शीत देणार नाही.

मग शटर अर्धं ओढलं. कॉम्प्युटरवर तो बिबट्याचा फोटो उघडला. आणि कमरेवर हात ठेवून त्या पाठीला बोलली.

"हे बघ. तोंड खोटं केलं, ते चुकलं. ते मी काढते. पण दमदाटी करायची नाही. माझ्या माणसांचे डोळे मिटलेस तर मिट. मी तुझा फोटो पुसणार नाही. तो म्हातारा आंधळा होत चाललाय गं, आणि तू पाठ दाखवतेस?"

काही झालं नाही.

पंख्याचा आवाज. रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न.

मालनने खोट्या तोंडाची फाईल काढून टाकली. उसने डोळे, भाचीचं नाक, सगळं. छापलेला कागदही फाडला. डोळे मिटलेले ते मिटलेलेच राहिले. बिबट्याच्या फोटोला मात्र तिने हात लावला नाही.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस ती एकटीच शेवंतीला वळवायला बघत होती. पण हिचा शेवंतीशी काय संबंध? ज्याच्यासाठी वळायचं तो माणूस तर समोर आलाच नव्हता.

तिने हर्षदला फोन केला. काकांना घेऊन ये म्हणाली. तो नको नको म्हणत होता. मालनने त्याला विचारलं, जंगलात बिबट्याच्या मागे हिंडतोस आणि चाळीतल्या काकूला घाबरतोस का रे? तो आला.

दिवे लागायची वेळ झाली होती.

काका खुर्चीत बसले. मालनने स्क्रीन त्यांच्या अगदी पुढ्यात आणली. बिबट्या दिसतो का विचारलं, तर त्यांना काळोखच दिसत होता. मग तिने उजेडाची पट्टी सरकवायला घेतली. थोडी. आणखी थोडी. दाणे उसळून आले, सबंध स्क्रीन रवारवा झाली, फोटोचा सत्यानाश झाला असता एवढी. काकांना दिसावं म्हणून तिने नियम बियम सोडून दिले होते.

काका पुढे झुकले. अंबाडा ओळखला असावा. 

"शेवंते," ते म्हणाले. "माका आता थोडाच दिसता. मागीर तू वळलंस तरी काय उपेग गो? फोटो नको माका. नुसता बघतंय."



पंखा फिरत होता... पण त्याचा आवाज येत नव्हता.

रस्ता चालू होता... पण हॉर्न नाही. काही नाही. कानात कापूस कोंबल्यासारखं.

आणि मग दुकानाच्या मागून एक आवाज आला. टण् नव्हे. हातातलं ताट कुणी सावकाश जमिनीवर ठेवावं, तसा.

काकांनी मान वर केली.

ते बघत राहिले. आधी वर कुठे तरी. मग जरा खाली. मग आणखी खाली. कपाळ, डोळे, ओठ. तसेच तुकड्यातुकड्याने. मालन म्हणते, त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मग ते हसले. लाजून हसले. सत्तरी उलटलेला माणूस.

"तशीच आसस गो," म्हणाले.

मालन त्यांच्या खांद्यावरून वाकली. स्क्रीनवर पाठ होती.

तिने हर्षदकडे बघितलं. त्याने मान हलवली. त्यालाही पाठच.

मालनला काही राहवेना. तिने सरळ काकांच्या नाकावरचा चष्मा काढला आणि स्वतःच्या डोळ्यांवर चढवला. पाठ. तीच पाठ, तोच खोचलेला पदर. काका तर चष्म्याशिवायही बघतच होते.

पंख्याचा आवाज परत सुरू झाला, तेव्हा त्यांनी डोळे पुसले. मालनला म्हणाले, हाच फोटो दे.

मालनने समजावलं. काका, यात तोंड नाही. लोक हसतील. पाठमोऱ्या बाईला हार घालणार का? काका म्हणाले, लोकांक दाखवूचो नाय, हसले तर हसांदे.

मालनने आयुष्यात पहिल्यांदा बिनतोंडाची फ्रेम करून दिली. त्यातला एक दाणा काढला नाही. एक कड साफ केली नाही. रव्यासकट छापली. बिबट्याला तेवढं कापून बाहेर काढलं. तो बिचारा हर्षदच्या कॅलेंडरला गेला आणि त्याला तिसरा नंबर मिळाला.

दुसऱ्या सकाळी भिंतीवरचे डोळे उघडे होते. सगळ्यांचे. आईची फ्रेम न्यायला ती बाई आली आणि खुशीत घेऊन गेली.

फक्त जयवंतचे उघडले नाहीत.

मालनने ते पुन्हा उघडून बघितले. संध्याकाळी मिटले. परत उघडले, परत मिटले. शेवटी तिने नाद सोडला. म्हणते, जिवंत असताना तरी गल्ल्यावर बसून दुसरं काय करायचा? झोपू दे मेल्याला. पण हे बोलताना ती माझ्याकडे बघत नाही.

इथे गोष्ट संपली असती, तर मी सांगितलीच नसती.

होळीनंतर काकांचे डोळे पुरते गेले. मालन पुरणपोळी घेऊन त्यांच्याकडे गेली. पुरणपोळीचं निमित्त. तिला ती फ्रेम बघायची होती. म्हाताऱ्याला तोंड दाखवलं, आणि जिने एवढा खटाटोप केला तिला पाठ? हे तिच्या मनातून जात नव्हतं.

दुपारची वेळ. दार उघडं. खोलीत स्वच्छ ऊन.

काका खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. समोर ती फ्रेम, ताजा हार. आतमध्ये दाण्यादाण्यांची पाठमोरी शेवंती.

मालन उंबऱ्यात थांबली. काका फ्रेमशी बोलत होते.

"आज कुंकू वाकडा लावलंस गो," म्हणत होते.

मालनच्या हातातला डबा हलला. त्यांनी ओळखलं, मालन इली, ये म्हणाले. ती आत आली. पोळी दिली. इकडचं तिकडचं बोलली. मग न राहवून विचारलं, काका, तुम्हाला आता काहीच दिसत नाही ना?

"काय्येक नाय," ते म्हणाले. "सगळो काळोख. ती सोडून."

मग भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाले, "पण आता ती माझ्याकडे नाय बघणा. तू इलंस तशी तुझ्याकडेच बघता हा."

मालनने फ्रेमकडे बघितलं.

पाठ.

अंबाडा. खोचलेला पदर. पाठ.

आमची मालन मागे हटणाऱ्यातली नाही. ती फ्रेमपुढे जाऊन उभी राहिली. कमरेवर हात ठेवले. म्हणाली, "बघू दे. मी पण बघतेय."

किती वेळ अशी उभी होती, तिला सांगता येत नाही.  आणि काका मध्येच हसून फ्रेमला म्हणाले, पुरे गो, पोर भियाली.

"कोण घाबरलंय?" मालन म्हणाली.

मग ती निघाली. पण त्या फ्रेमकडे पाठ करायला काही केल्या तिचे पाय तयार होईनात. म्हणून ती तशीच, फ्रेमवरची नजर न हलवता, एकेक पाऊल मागे टाकत दाराकडे सरकली. ताठ मानेने. आणि धाडकन चौकटीवर डोकं आपटलं.

टेंगूळ आलं. लिंबाएवढं.

अजून आहे. मी स्वतः हात लावून बघितलंय. एवढे महिने झाले, बसत नाही. डॉक्टर म्हणाले, हाड असेल. हाड असं एका दुपारी उगवतं का?

मालनला विचारलं, परत गेलीस का गं तिकडे, तर म्हणते, वेळ मिळत नाही. आणि बोलता बोलता उठून खुर्ची फिरवते, पाठ भिंतीला टेकेल अशी.